मुलांचं कॉलर बोन मोडलं तर काय करायचं, आणि काय करायचं नाही

मॅचमध्ये पोरगं पडतं, उठतं आणि तिथंच उभं राहतं. एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर खालून धरलेलं, मान दुखऱ्या खांद्याकडे कललेली, ओठ घट्ट मिटलेले. बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या मराठी शाळांतून मी गेली वीसेक वर्षं पी.टी. शिकवतोय. हे असं उभं राहणं मला आता मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून कळतं. कॉलर बोन गेलं.

मी डॉक्टर नाही. पण फुटबॉल, कबड्डी, खो-खो, तालमीतली कुस्ती, शेवाळलेली गच्ची, बापाची मोटरसायकल आणि दिवाळीत किल्ला करताना ढासळलेला मातीचा ढीग अशा सगळ्या कारणांनी मोडलेली कॉलर बोन घेऊन मी दवाखान्यात गेलोय. त्यात एक माझ्याच मुलीचं होतं. दर वेळी घरच्यांचा प्रश्न एकच असतो: "ओ सर, हाड मोडलंय म्हणता, मग प्लास्टर का घातलं नाही?" या प्रश्नातूनच पुढची सगळी गडबड सुरू होते. काहीच केलं नाही असं वाटतं आणि मग कुणी चोळायला नेतं, कुणी प्लेट बसवायला निघतं.

हाड कुठलं, आणि ते लवकर का जुळतं

गळ्याखाली दोन्ही बाजूंना हाताला लागतं ते आडवं, थोडं वळणाचं हाड म्हणजे कॉलर बोन. पुस्तकात त्याला जत्रुक म्हणतात. छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत ते मांडवाच्या वाशासारखं असतं आणि खांद्याला छातीपासून लांब धरतं. वासा मोडला की मांडव एका बाजूला खचतो, तसा खांदा खाली आणि पुढे येतो. कॉलर बोनचं बहुतेक मोडणं खांद्यावर पडल्यामुळे होतं, आणि दहातली आठ मोडणी तरी हाडाच्या मधल्या भागात होतात.

आईच्या पोटात पाचव्या-सहाव्या आठवड्यात पहिल्यांदा हाड बनायला लागतं ते हेच, आणि वाढ पूर्ण होऊन पक्कं व्हायलाही हेच सगळ्यात उशीर करतं. छातीकडच्या टोकाची वाढीची पट्टी, म्हणजे हाड वाढतं ती कच्ची जागा, २२ ते २५ वर्षांपर्यंत उघडी असते. या माहितीचा उपयोग खाली एका धोक्याच्या जागी होणार आहे.

मुलांच्या हाडावर पेरिऑस्टियम नावाचं जाड आवरण असतं. ओला ऊस वाकवला की आत मोडतो पण साल धरून ठेवते, तसंच इथे होतं. लहान मुलांत अनेकदा हाड पूर्ण तुटतही नाही, एका बाजूने चिरतं आणि वाकतं. तुटलं तरी ते आवरण टोकांना जवळ ठेवतं आणि नवं हाड भराभर बनवतं. प्लास्टर घालायचं म्हटलं तरी घालणार कुठे? श्वास घेताना छाती हलणारच. खांद्याला आधार देऊन वजन उतरवायचं, बाकीचं काम शरीर करतं.

पहिली दहा मिनिटं

पोराला लगेच ओढून उभं करू नका. आधी नाव विचारा, काय झालं ते विचारा. बेशुद्ध झालं होतं का, उलटी झाली का, मान मधोमध दुखते का, हे बघा. यातलं काही असेल, किंवा गाडीने उडवलं असेल, तर आहे तसं ठेवून १०८ ला फोन. कॉलर बोनचा विचार नंतर.

तसं काही नसेल तर बसवा. झोपलं की दुखणं वाढतं, बसल्यावर पोर स्वतःच हाताला बरोबर धरतं. शर्टाची वरची बटणं सोडा आणि हाडावरची कातडी नीट बघा. सूज आणि गाठ दिसणारच. बघायचं ते वेगळं आहे. हाडाचं टोक कातडीला आतून तंबूसारखं टोचतंय आणि तिथली कातडी पांढरी पडलीय का? जखम होऊन रक्त येतंय का? मग हाताची बोटं बघा. नख दाबून सोडा, दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. बोटं हलव म्हणा, दोन्ही हातांच्या बोटांना स्पर्श करून सारखं कळतं का विचारा. हात गार, फिकट किंवा बधिर असेल, श्वास लागत असेल, गिळताना गळ्यात अडकल्यासारखं वाटत असेल, तर हे साधं प्रकरण नाही. थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशनची भूल लागू शकते.

गिळण्याचं आणि श्वासाचं मुद्दाम लिहिलं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत हाडाचं छातीकडचं टोक वाढीच्या पट्टीपाशी सुटून आत, मागच्या बाजूला सरकू शकतं. तिथेच श्वासनळी, अन्ननळी आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. बाहेरून गाठ दिसत नाही, उलट खळगा दिसतो, आणि साध्या एक्स-रेत हे चुकू शकतं. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. मी असं एकदाच पाहिलंय, कुस्तीत. पोरगा फक्त म्हणत होता, "सर, आवंढा गिळता येईना." गाठ नाही म्हणून आम्ही घरी पाठवणार होतो.

झोळी बांधणं

मेडिकलमध्ये तयार पाऊच मिळतो, पण मैदानावर तो नसतो. ओढणी, पंचा, शाळेचा स्काऊटचा स्कार्फ, काहीही चालतं. साधारण एक मीटर चौरस कापड कोपऱ्यातून कोपऱ्यात दुमडून त्रिकोण करा. त्रिकोणाचं टोक दुखऱ्या हाताच्या कोपराकडे ठेवा. वरचं टोक चांगल्या बाजूच्या खांद्यावरून मानेमागे न्या. हात कोपरात काटकोनात वाकवून पोटावर ठेवू द्या, पंजा कोपरापेक्षा थोडा वर. खालचं टोक हातावरून वर घेऊन दुखऱ्या बाजूने मानेमागे न्या आणि दोन्ही टोकांची गाठ मानेच्या बाजूला, मणक्यावर येणार नाही अशी मारा. कोपराशी उरलेलं टोक आत वळवून पिन लावा. मोडलेल्या जागेवर कापड रुतत असेल तर आत दुमडलेला रुमाल घाला.

झोळी बरोबर बसली हे कसं ओळखायचं? पोराने दुसऱ्या हाताने कोपर धरणं सोडलं, की बसली. अजून धरूनच असेल तर कोपर लोंबतंय, परत बांधा. बाजारातल्या पाऊचबाबतही हीच चूक होते. सहावीतल्या पोराला मोठ्या माणसाच्या मापाचा पाऊच देतात, कोपर खाली घसरतं, सगळं वजन मनगटावर येतं आणि पोर रात्रभर रडतं. माप बघून घ्या, पट्टा आवळून घ्या.

बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, थेट कातडीवर नको. हाड दाबून "बसवायचा" प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. आमच्याकडे गर्दीतून एक तरी अनुभवी काका पुढे येतातच.

दवाखान्यात नेताना शक्यतो चारचाकी बघा. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून खानापूरच्या आतल्या रस्त्यांवरून आणलेल्या पोराचं दर खड्ड्यागणिक काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

कुठे न्यायचं

जिथे एक्स-रे आहे आणि हाडांचे डॉक्टर भेटतात असं जवळचं ठिकाण. धोक्याची लक्षणं नसतील तर तालुक्याचं सरकारी रुग्णालय पुरतं. कणकुंबी-जांबोटीकडून रात्री बेळगाव गाठायचा अट्टहास करण्यापेक्षा झोळी बांधून, वेदनेचं औषध देऊन सकाळी नेलं तरी या हाडाचं काही बिघडत नाही. मोठं काम असेल तर बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स आहे, केएलईचं हॉस्पिटल आहे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, अथणी-कागवाडकडच्यांना मिरज. सोय बघा, राज्याची हद्द बघू नका.

सरकारी ठिकाणी डॉक्टर किंवा सिस्टर कन्नडच बोलणाऱ्या असू शकतात. आपल्याकडच्या पोरांना शाळेत कन्नड असतं, त्यालाच बोलू द्या. तो वेदनेने गप्प असेल तर दुखणं म्हणजे 'नोवु', हाड म्हणजे 'एलुबु', हात म्हणजे 'कै' एवढं तुम्हाला पुरेल. कधी पडला, कसा पडला, वजन किती, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, या चार गोष्टी तयार ठेवा.

अगदी लहान मूल असेल तर डॉक्टर खोदून विचारतील, कसं पडलं, कोण होतं, आधी काही मोडलं होतं का. रागावू नका. अजून चालायला न लागलेल्या बाळाचं हाड विनाकारण मोडत नाही, आणि हे विचारणं त्यांचं कामच आहे.

एक्स-रे रिपोर्ट वाचताना

रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि शब्द घाबरवणारे असतात. मिडशाफ्ट म्हणजे मधला भाग, हे चांगलं. अनडिस्प्लेस्ड म्हणजे टोकं जागेवर, डिस्प्लेस्ड म्हणजे सरकलेली. ग्रीनस्टिक म्हणजे वर सांगितलेला ओला ऊस. कमिन्यूटेड म्हणजे दोनापेक्षा जास्त तुकडे. शॉर्टनिंग म्हणजे टोकं एकमेकांवर चढून हाड आखूड झालंय, किती ते मिलिमीटरमध्ये लिहितात. लॅटरल म्हणजे खांद्याकडचं टोक, मीडियल म्हणजे छातीकडचं. मीडियल दिसलं तर "मागे सरकलंय का?" हा प्रश्न विचाराच.

खांद्याकडचं टोक मोडलं की ते मुलांत बघायला भयानक दिसतं, हाड वर उडालेलं. पण लहान मुलांत बहुतेकदा हाड आवरणातून वर निसटलेलं असतं, लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारे पट्टे, खालच्या आवरणाला धरूनच राहतात आणि त्या रिकाम्या आवरणात नवं हाड भरत येतं. म्हणून तिथेही अनेकदा झोळीच पुरते.

झोळी की आठचा पट्टा

आपल्याकडे अजून बरेच डॉक्टर क्लॅव्हिकल (म्हणजे कॉलर बोन) ब्रेस देतात, पाठीवर आठच्या आकड्यासारखा आवळलेला पट्टा. विचार असा, की खांदे मागे ओढले की हाड सरळ जुळेल. प्रत्यक्षात तो हाडाला ताणून जागेवर ठेवत नाही. डेन्मार्कमध्ये १९८७ मध्ये दोन्हींची तुलना झाली. हाड जुळणं आणि दिसणं सारखंच निघालं, पट्टेवाल्यांना त्रास मात्र जास्त झाला. काखेत रुततो, घामाने सोलतो, आणि फार आवळला तर हाताला मुंग्या येतात. तुमच्या डॉक्टरांनी पट्टाच दिला असेल तर भांडू नका, पण "साधी झोळी चालेल का?" हे विचारायला हरकत नाही. पट्टा वापरत असाल तर मुंग्या आल्या की सैल करायचा, सहन करायचा नाही.

किती दिवस? नवजात बाळाला दोन-तीन आठवडे पुरतात. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना दोन ते चार आठवडे, मोठ्या मुलांना चार ते सहा. दुखणं थांबलं की लहान मुलं स्वतःच झोळी फेकतात, आणि बहुधा त्यांचं बरोबर असतं. बारा वर्षांपुढच्यांचं मात्र तसं नाही, त्यांना दहाव्या दिवशीच बरं वाटतं आणि तेव्हा हाड कच्चं असतं.

नवजात बाळाचं वेगळं सांगायला हवं. बाळंतपणात सगळ्यात जास्त मोडणारं हाड हेच, विशेषतः बाळ मोठं असेल आणि खांदा अडकला असेल तर. बाळ एक हात हलवत नाही, उचलताना रडतं. अंगड्याची बाही छातीवर पिनेने अडकवून हात जवळ ठेवायचा, त्या बाजूला काखेत धरून उचलायचं नाही. पण हात न हलण्यामागे मानेतल्या नसांना इजा असू शकते, म्हणून डॉक्टरांना दाखवणं आवश्यक. आणि या दोन-तीन आठवड्यांत मालिशवालीला त्या खांद्याला हात लावू देऊ नका, ती कितीही जुनी असली तरी.

हाडवैद्याबद्दल

आमच्या भागात हाडवैद्यावर लोकांचा विश्वास आहे आणि त्याला कारणही आहे. कॉलर बोनच्या बाबतीत ते बहुतेक वेळा यशस्वी ठरतात, कारण हे हाड कुणीही काही केलं नाही तरी बहुधा जुळतं. मी तोंडावर वाद घालत नाही. फक्त दोन अटी सांगतो. चोळायचं नाही, कारण टोकं हलतात, सूज वाढते आणि जवळच रक्तवाहिन्या व नसा आहेत. आणि हाताला बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधायचं नाही, कारण आवळलेल्या बांधणीने बोटं काळी पडून हात गमावलेली माणसं दवाखान्यात दर वर्षी येतात. लेप लावायचाच असेल तर कातडी फुटलेली नसावी. एक्स-रे आधी, लेप नंतर.

ऑपरेशनचा विषय

हा भाग मी थोडा लांबवणार आहे, कारण पैसे आणि भीती दोन्ही इथे असतात.

काही वेळा ऑपरेशन करावंच लागतं. हाड कातडी फाडून बाहेर आलं, कातडी फाटायच्या बेतात पांढरी पडली, रक्तवाहिनी किंवा नस दाबली गेली, छातीकडचं टोक मागे सरकलं, किंवा त्याच खांद्याच्या मागचं पसरट हाडही मोडून खांदा लोंबता झाला. यात वाद नाही.

वाद असतो तो बारा ते अठराच्या मुलांत, हाड मधोमध पूर्ण सरकलंय अशा वेळी. २००७ मध्ये कॅनडात मोठ्या माणसांवर एक चाचणी झाली, त्यात सरकलेल्या हाडाला प्लेट बसवलेल्यांचा खांदा जास्त चांगला चालला आणि न जुळण्याचं प्रमाण कमी आलं. त्यानंतर हा विचार मुलांपर्यंत उतरला. दोन सेंटिमीटर आखूड म्हणजे प्लेट, असा मोठ्यांचा हिशोब चौदा वर्षांच्या पोरालाही लावायला लागले. मग अमेरिकेतल्या अनेक हॉस्पिटलांनी मिळून १० ते १८ वयाच्या, पूर्ण सरकलेल्या हाडांच्या मुलांचा पाठपुरावा केला. २०२२ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षात दोन वर्षांनी ऑपरेशनवाल्या मुलांना खांद्याच्या कामात काही जास्तीचा फायदा दिसला नाही. या वयात हाड न जुळणं मुळातच फार क्वचित होतं.

प्लेटचे स्वतःचे त्रास असतात. कातडीखाली ती टोचते, दप्तराचा पट्टा बरोबर तिच्यावर येतो, जखमेखालची कातडी बधिर राहते, व्रण राहतो, आणि बऱ्याच जणांना ती काढायला दुसरं ऑपरेशन लागतं.

माझ्या मुलीच्या वेळी, ती चौदाची होती, एका ठिकाणी फोटो बघून दहा मिनिटांत "उद्या सकाळी उपाशी घेऊन या" म्हणाले. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. हाड सरकलेलं मलाही दिसत होतं, आणि बायको म्हणत होती मुलीची जात आहे, खांदा वाकडा राहिला तर? दुसऱ्या डॉक्टरांना फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, कातडी ठीक, हात ठीक, मग घाई कसली? आठवड्याने परत फोटो काढू. झोळीत सहा आठवडे गेले. आज हाडावर बोट ठेवून शोधल्याशिवाय गाठ सापडत नाही.

म्हणून ऑपरेशन सुचवलं तर विचारा: हे आजच का, आठवड्याने का नाही? न केल्यास माझ्या मुलाच्या वयात नेमकं काय बिघडेल? प्लेट काढावी लागेल का, कधी? दुसरं मत घ्यायला दोन-तीन दिवस गेल्याने, वरची धोक्याची लक्षणं नसतील तर, काहीही हुकत नाही. सोळा-सतराचा, हाडाचे तुकडे झालेला, मोठ्या पातळीवर खेळणारा पोरगा असेल आणि डॉक्टरांनी नीट समजावून ऑपरेशन सुचवलं तर ते चूक आहे असंही नाही. त्या वयात शरीर मोठ्यांच्या जवळ गेलेलं असतं.

खर्चाचं थोडक्यात. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक ही योजना २०१८ पासून आहे. बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलवाल्यांना खर्चाच्या ३० टक्के, १.५ लाखांपर्यंत. साधारणपणे सरकारी रुग्णालयातून रेफरची चिठ्ठी लागते, ती आधी घ्या. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकाने त्याला विरोध केला. कोल्हापूर-मिरजेकडे जाणार असाल तर भरती होण्याआधी हॉस्पिटलातल्या योजनेच्या खिडकीवर रहिवासाचे कागद दाखवून विचारून घ्या, भरती झाल्यावर नको.

घरचे दिवस

पहिले तीन-चार दिवस दुखतं. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. वीस किलोच्या मुलाला एका वेळी ३०० मिलिग्रॅम. सिरपच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात: ५ मिलीत १२० आणि ५ मिलीत २५०. पहिलं असेल तर साडेबारा मिली, दुसरं असेल तर ६ मिली. लेबल वाचल्याशिवाय चमचा भरू नका. त्याने भागलं नाही तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारून, जेवल्यावर. पोराला ताप आहे, डेंग्यूची साथ आहे, किंवा उलट्या-जुलाब चालू आहेत, तर आयबुप्रोफेन नको. अ‍ॅस्पिरिन सोळा वर्षांखाली देऊच नका.

झोप हा खरा प्रश्न. आडवं झालं की खांदा मागे पडतो आणि टोकं सरकतात. पाठीमागे उशा रचून अर्धवट बसतं झोपवा, कोपराखाली छोटी उशी. पहिले एक-दोन आठवडे रात्रीही झोळी ठेवा. त्या काळात टोकं "कटकट" वाजल्यासारखी पोराला जाणवतील. त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर मध्यरात्री घर उठवतं.

कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. टी-शर्ट विसरा, बापाचा जुना बटणाचा शर्ट द्या. आंघोळीला झोळी काढता येते, हात अंगाशी धरून. काख धुवायला पोराला पुढे वाकवा, हात आपोआप थोडा सुटतो, तेवढ्यात धुऊन कोरडी करा. खानापूरकडच्या पावसात काखेत ओल राहिली की चार दिवसांत कातडी लाल होते, म्हणून तिथे सुती फडकं ठेवा आणि बदलत जा. झोळ्या दोन ठेवा, एक वाळत असते.

खाणं नेहमीचं. दूध, अंडी, डाळ, नाचणीची आंबील, पालेभाजी. पायाचं सूप पोराला आवडत असेल तर द्या, हाड त्याच्यासाठी थांबलेलं नसतं. कॅल्शियमच्या गोळ्या बहुतेक मुलांना लागत नाहीत. मात्र किरकोळ पडण्याने दुसऱ्या-तिसऱ्यांदा हाड मोडलं असेल तर व्हिटॅमिन डी तपासा.

बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. दिवसातून चार-पाच वेळा झोळीतून हात काढून कोपर पूर्ण सरळ करायचं आणि वाकवायचं. कॉलर बोन छान जुळलं आणि कोपर आखडलं, असं मी पाहिलंय.

गाठ येते, येऊ द्या

दोन-तीन आठवड्यांनी मोडलेल्या जागी सुपारीएवढी कडक गाठ हाताला लागते. दर आईला वाटतं हाड वाकडं बसलं. ते नवं हाड आहे, डॉक्टर त्याला कॅलस म्हणतात. लहान मुलांत ती गाठ वर्ष-दीड वर्षात झिजून जवळजवळ जाते. पंधरा-सोळाच्या मुलांत थोडी राहू शकते. ती चोळून जात नाही.

उलट जन्मापासून, बहुधा उजव्या बाजूला, न दुखणारी गाठ असेल आणि कुणी "जुनं फ्रॅक्चर" म्हणालं तर ते जन्मजात न जुळलेलं हाड असू शकतं. तो वेगळा विषय, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

लहान मुलांत परत एक्स-रे नेहमी लागतोच असं नाही. मोठ्या मुलांत आठवड्याने एक आणि पाच-सहा आठवड्यांनी एक, एवढा पुरतो.

शाळा आणि परत मैदान

तीन-चार दिवसांनी शाळेत पाठवा. दप्तर दुसऱ्याने उचलायचं, दोन्ही खांद्यांवर सॅक सहा आठवडे नाही. लिहिता येतं. कोपर अंगाशी ठेवून पंजा बाकावर टेकवला की उजवा हात झोळीत असूनही आठवड्याभरात पोरं लिहितात. एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, परीक्षा तोंडावर असेल तर वाट न बघता डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन मुख्याध्यापकांकडे जा, लेखनिकाची परवानगी वरून आणायला वेळ लागतो.

झोळी सुटल्यावर आधी पुढे वाकून हात लोंबता ठेवायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. मग चांगल्या हाताने आधार देत खांद्याच्या उंचीपर्यंत, मग डोक्यावर. भिंतीवर बोटांनी चढत जायचा खेळ लहानांना आवडतो. मुलांना फिजिओथेरपी क्वचितच लागते. हात हलवायला भीती वाटणारं पोर असेल तर चार-पाच दिवस लावा.

मैदानाबाबत मी कडक आहे. सहा आठवड्यांच्या आत चालणं ठीक, सायकल नको, झाडावर चढणं नको. धक्क्याचे खेळ, म्हणजे फुटबॉल, कबड्डी, कुस्ती, लहानांना आठ आठवड्यांनंतर, मोठ्यांना दहा ते बारा. पोर येऊन "सर, डॉक्टर हो म्हणाले" म्हणतं, ते मी मानत नाही. मला चिठ्ठी लागते. त्यानंतरही तीन गोष्टी बघतो: गाठीवर बोट दाबलं की दुखतं का, दोन्ही हात कानाला लागेपर्यंत सारखे वर जातात का, आणि जमिनीवर हात टेकून दहा दंड काढताना चेहरा बदलतो का. एकात जरी अडलं तर तो आठवडाभर लाइनमन.

आणि परत आलेल्या पोराला पहिले दोन दिवस बॉल देत नाही. गादी अंथरतो आणि चांगल्या बाजूने, हनुवटी छातीला लावून, लोळत पडायला लावतो. बाकीची पोरं हसतात. मग त्यांनाही लावतो.